विश्लेषण : हॉटेलची खोली दिसते स्वच्छ, पण असते का? संसर्ग रोखायचा तर नेमके काय पाहावे?

हॉटेलच्या खोलीचे दार उघडले की चार गोष्टी पाहुण्याचे मन जिंकतात. फिनाईलचा किंवा लिंबाचा वास, सुरकुती नसलेली पांढरी चादर, हंसाच्या आकारात दुमडलेला टॉवेल आणि कमोडवर आडवी लावलेली ‘सॅनिटाइज्ड’ अशी कागदी पट्टी. या चारही गोष्टी खोली आवरली गेल्याचे सांगतात. आधीच्या पाहुण्याचा आजार खोलीतून गेला की नाही, हे त्यांतली एकही सांगत नाही. वास, चमक आणि पट्टी यांना काही सेकंद लागतात. संसर्ग रोखणाऱ्या सफाईला मात्र वेळ लागतो, ठरलेला क्रम लागतो आणि ती करणारा माणूस स्वतः निरोगी असावा लागतो. आपल्याकडील हॉटेल व्यवसाय पहिल्या गोष्टींवर खर्च करतो आणि दुसऱ्यांवर काटकसर करतो. पाहुणा आणि सफाई कर्मचारी, दोघांनाही त्याची किंमत मोजावी लागते.

हॉटेल आणि साथीचा संबंध काय?

हॉटेल ही अनोळखी माणसे एकामागून एक तोच पलंग, तोच नळ आणि तेच रिमोट वापरतात अशी जागा. शिवाय इथला माणूस एक-दोन दिवसांत दुसऱ्या गावी, कधी दुसऱ्या देशात जातो. त्यामुळे हॉटेलात लागण झाली तरी आजार उमटतो तो दूर कुठेतरी.

आधुनिक साथरोगशास्त्रातील दोन प्रसिद्ध प्रकरणे हॉटेलांचीच आहेत. जुलै १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड या नामांकित हॉटेलात माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ या संघटनेचे अधिवेशन भरले. घरी परतल्यावर अनेकांना न्यूमोनिया झाला. दोनशेहून अधिक जण आजारी पडले, ३४ जण दगावले. कारण कळायला काही महिने लागले. जानेवारी १९७७ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने (सीडीसी) नवा जीवाणू सापडल्याचे जाहीर केले. त्याचे नाव या लीजनवरूनच ‘लीजिओनेला’ पडले. हा जीवाणू पाण्यात वाढतो. वातानुकूलन यंत्रणेतील पाण्याचे तुषार श्वासावाटे फुप्फुसात गेल्याने ही लागण झाली असावी, असे मानले जाते. ज्या हॉटेलच्या झुंबरांची आणि दिवाणखान्यांची ख्याती होती, ते त्याच वर्षी बंद पडले.

दुसरे प्रकरण हाँगकाँगचे. २१ फेब्रुवारी २००३ रोजी चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातून आलेले एक डॉक्टर तेथील मेट्रोपोल हॉटेलच्या नवव्या मजल्यावर उतरले. त्यांना सार्स झाला होता. त्या मजल्यावरील इतर पाहुण्यांना लागण झाली आणि ती त्यांच्याबरोबर टोरांटो, सिंगापूर आणि हनोईपर्यंत गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार त्या साथीत जगभरात ८,०९६ रुग्ण आढळले आणि ७७४ जणांचा मृत्यू झाला. त्या खोलीबाहेरील गालिच्यावर आणि लिफ्टजवळ विषाणूचे जनुकीय अंश नंतरच्या तपासणीत सापडले.

दोन्ही ठिकाणी हॉटेल गलिच्छ होते, अशी तक्रार कोणी केलेली नव्हती.

संसर्ग कोणत्या वाटांनी येतो?

ढोबळमानाने चार. पहिली वाट हातांची : नळ, फ्लशचे बटण, दिव्याचे स्विच, रिमोट, दाराची मूठ. जुलाब-उलट्यांचे विषाणू प्रामुख्याने या वाटेने येतात. दुसरी वाट पाण्याची : टाकी, गीझर, शॉवर, जाकुझी, तरणतलाव. तिसरी हवेची : खिडकी न उघडणाऱ्या खोल्या आणि बंदिस्त मार्गिका. चौथी वाट डासांची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. लॉबीतील फुलदाणी, शोभेचा बांबू, एसीच्या पाण्याचे तबक, गच्चीवरील उघडी टाकी या त्याच्या आवडीच्या जागा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा ही भांडी रिकामी करून कोरडी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा आहे. फरशी कितीही घासली तरी शॉवरमधला लीजिओनेला जात नाही आणि टाकी कितीही धुतली तरी रिमोटवरचा विषाणू हलत नाही. ‘आम्ही सगळे सॅनिटाइज करतो’ या वाक्याला म्हणूनच फारसा अर्थ उरत नाही. कोणत्या वाटेवर काय केले, हे विचारावे लागते.

पुसणे आणि निर्जंतुक करणे यांत फरक काय?

पुसणे म्हणजे मळ, तेलकटपणा, केस, धूळ काढणे. निर्जंतुक करणे म्हणजे उरलेले जंतू रसायनाने किंवा उष्णतेने मारणे. क्रम हाच : आधी साबणाच्या पाण्याने साफ, मग जंतुनाशक. मळाच्या थरावर ओतलेले क्लोरीन त्या मळातच खर्ची पडते आणि जंतूपर्यंत पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. जंतुनाशक लावल्याबरोबर जंतू मरत नाहीत. पृष्ठभाग ठरावीक वेळ ओला राहावा लागतो. रसायनानुसार हा काळ काही मिनिटांपासून दहा मिनिटांपर्यंत असतो आणि तो बाटलीवर लिहिलेला असतो. फवारा मारून लगेच फडक्याने कोरडे करणे ही हॉटेलांत सर्रास दिसणारी पद्धत. तिने वास येतो, चमक येते. जंतूंचे मात्र फारसे काही बिघडत नाही.

तिसरी गोष्ट मापाची. पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे २० मिलिलिटर द्रावण घेऊन एकूण एक लिटर होईपर्यंत पाणी घातले की १,००० पीपीएमचे मिश्रण तयार होते. अंदाजाने टोपण ओतले तर कधी ते निकामी ठरते, कधी कर्मचाऱ्याचे डोळे आणि हात भाजते. हे मिश्रण रोज ताजे करावे लागते, कारण पातळ केलेले क्लोरीन लवकर निष्प्रभ होते.

एक धोका तर प्रत्येक हॉटेलने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. ब्लीच आणि आम्लयुक्त टॉयलेट क्लीनर एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. लहानशा, बंद न्हाणीघरात गुडघ्यावर बसून काम करणाऱ्या माणसाला तो थेट श्वासात घ्यावा लागतो. ‘जास्त स्वच्छ व्हावे’ म्हणून दोन्ही ओतणे हे अपघाताला आमंत्रण आहे.

फडकेच संसर्ग कसा पसरवते?

अमेरिकेतील ह्यूस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये तीन राज्यांतील हॉटेलांच्या खोल्या तपासल्या. कमोड आणि बेसिनवर जीवाणू सापडले, ते अपेक्षितच होते. पण टीव्हीचे रिमोट आणि पलंगाजवळच्या दिव्याचे बटण हेही फार दूषित निघाले. त्याहून बोलकी बाब म्हणजे सफाईच्या ट्रॉलीवरील स्पंज आणि मॉपवरही मोठ्या प्रमाणात जीवाणू होते. अभ्यास अवघ्या नऊ खोल्यांचा होता. त्यावरून सर्व हॉटेलांबद्दल निष्कर्ष काढता येणार नाही. पण तो दाखवतो ती शक्यता कोणत्याही घरातल्या ओट्यावर पडलेल्या फडक्यावरून समजण्यासारखी आहे : एकाच फडक्याने दहा जागा पुसल्या तर पहिल्या जागेवरचे जंतू दहाव्या जागेपर्यंत पोहोचतात.

ब्रिटनमधील २००४ च्या एका प्रयोगात हेच नोरोव्हायरसबाबत दिसले. विषाणू लागलेल्या बोटांनी एकामागून एक सात स्वच्छ पृष्ठभागांपर्यंत तो पोहोचू शकला. केवळ साबणाच्या पाण्याने आणि फडक्याने पुसल्यावर तो नाहीसा झाला नाही, उलट फडक्याबरोबर इतरत्र गेला.

यावर उपाय साधा आहे आणि अनेक मोठ्या हॉटेलांत तो कागदावर असतोही. रंगानुसार फडकी : कमोडसाठी लाल, बेसिनसाठी पिवळे, खोलीतील सामानासाठी निळे, खाद्यपदार्थांच्या जागेसाठी हिरवे. प्रत्येक खोलीला नवा संच. वापरलेली फडकी बादलीत खळबळून पुन्हा न वापरता थेट धुलाईला. पुसण्याची दिशा स्वच्छ भागाकडून घाणेरड्या भागाकडे आणि वरून खाली. फरशी सर्वांत शेवटी, आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे. पण प्रत्येक खोलीला चार फडकी म्हणजे ५० खोल्यांना रोज २०० फडकी धुवावी लागतात. हिशेब इथे सुरू होतो आणि रंगांचा नियमही इथेच मोडतो.

खोलीत कोणाला उलटी झाली तर?

हॉटेलच्या तयारीची खरी कसोटी इथे लागते. नोरोव्हायरसचे मोजके कणही लागण करायला पुरतात. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर त्याच्यावर फारसे चालत नाही. हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात. ब्रिटनमधील एका हॉटेलात पाहुण्यांच्या एकामागून एक तुकड्या आजारी पडत राहिल्या, तेव्हा संशोधकांनी तेथून १४४ नमुने घेतले. त्यांपैकी ६१ नमुन्यांत या विषाणूचा माग लागला. उलटी झाल्याची नोंद नसलेल्या गालिच्यांवर, फर्निचरवर, कमोडवर, स्विचवर, टेलिफोनवर तो होता. म्हणजे पाहुणे बदलले, चादरी बदलल्या, विषाणू मुक्कामाला राहिला.

अशा वेळी करायचे ते असे. आजारी पाहुण्याला अपराधी वाटू न देता मदत करावी. हातमोजे, मुखपट्टी आणि ॲप्रन घातलेल्या एकाच कर्मचाऱ्याने काम करावे. आधी शोषक कागदाने सर्व टिपून पिशवीत बंद करावे, मग साबणाने धुवावे, मग १,००० ते ५,००० पीपीएम क्लोरीन लावून ते थांबू द्यावे. गालिच्यावर कोरडा व्हॅक्यूम फिरवू नये, त्याने कण हवेत उडतात. तिथे गरम वाफेचा वापर करावा. चादरी झटकू नयेत, गुंडाळून थेट गरम पाण्यात टाकाव्यात. शेवटी हात साबणाने धुवावेत. खोली लगेच पुढच्या पाहुण्याला देऊ नये. यातले शेवटचे वाक्य सर्वांत अवघड, कारण मे महिन्याच्या शनिवारी महाबळेश्वरात किंवा कलंगुटला रिकामी खोली म्हणजे बुडालेले भाडे.

आपल्याकडे अशा घटना बहुतेकदा ‘बाहेरचे खाल्ले, बाधले’ म्हणून सोडून दिल्या जातात. जेवण दोषी असतेही, पण प्रत्येक वेळी नसते.

शॉवरच्या पाण्याकडे लक्ष का द्यावे?

लीजिओनेला कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो. साधारण २० ते ४५ अंश सेल्सियस हे त्याचे सोयीचे तापमान. म्हणजे महाराष्ट्रात आणि गोव्यात वर्षातला बहुतेक काळ गच्चीवरच्या टाकीतले पाणी याच पट्ट्यात असते. हे पाणी प्यायल्याने सहसा काही होत नाही आणि आजार माणसाकडून माणसाकडे सहसा जात नाही. धोका तुषारांचा : शॉवर, कारंजे, जाकुझी, कुलिंग टॉवर. ज्येष्ठ, धूम्रपान करणारे, मधुमेही आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना तो अधिक.

परदेशी मार्गदर्शक नियम सोपे आहेत. गरम पाणी ६० अंशांवर साठवा. नळापर्यंत ते किमान ५० अंशांवर पोहोचू द्या. रिकाम्या खोल्यांचे नळ आणि शॉवर आठवड्यातून एकदा काही मिनिटे सोडा. शॉवरची जाळी दर तीन महिन्यांनी काढून क्षार घासून काढा. टाकीचा तळ गाळमुक्त ठेवा. वीजबिल वाचवण्यासाठी गीझर ४५ अंशांवर ठेवणे म्हणजे जीवाणूची सोय पाहणे. मात्र ६० अंशांच्या पाण्याने भाजण्याचा धोका असतो, म्हणून न्हाणीघरात थंड-गरम मिसळणारा नळ हवा.

पावसाळ्यात कुलूपबंद राहणारी कोकणातील होमस्टे, परीक्षांच्या काळात ओस पडणारी थंड हवेची ठिकाणे, यात्रेपुरतीच भरणारी भक्तनिवासे यांना हा नियम अधिक लागू होतो. टाळेबंदीनंतर इमारती उघडताना सीडीसीने नेमका हाच इशारा दिला होता : आधी नळ सोडून साचलेले पाणी काढा. पिण्याच्या पाण्यात शेवटच्या नळापर्यंत दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरावे, असे भारतीय मानक सांगते. टँकरचे पाणी थेट टाकीत घेणाऱ्या हॉटेलने ते तपासायला साधी तपासणी-पेटीही पुरते.

लीजिओनेलाची लक्षणे दिसायला दोन दिवसांपासून दोन आठवडे लागतात. तोवर पाहुणा घरी पोहोचलेला असतो. त्याला न्यूमोनिया झाला तर गावातील डॉक्टर औषध देतात; तो कोणत्या हॉटेलात उतरला होता, हे क्वचितच विचारले जाते. युरोपात यासाठी देशोदेशींच्या आरोग्य यंत्रणांचे जाळे आहे. दोन वर्षांच्या आत एकाच निवासस्थानाशी दोन रुग्णांचा संबंध दिसला की तपास सुरू होतो आणि उपाय समाधानकारक नसतील तर त्या ठिकाणाचे नाव जाहीर होते. आपल्याकडे प्रत्येक लॉज पाहुण्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स जपून ठेवतो. तो पाहुणा घरी जाऊन आजारी पडला का, हे जोडून पाहणारी अशी सार्वजनिक यादी नाही.

चादरी, ब्लँकेट आणि काचेचे ग्लास यांचे काय?

चादर आणि अभ्रे बहुतेक ठिकाणी बदलले जातात. प्रश्न असतो तो वरच्या जाड पांघरुणाचा, शोभेच्या उशांचा आणि पलंगावरच्या रंगीत पट्ट्याचा. ते प्रत्येक पाहुण्यामागे धुतले जाईलच असे नाही. धुवायला सोपे, सुती आवरण घातलेले पांघरूण हा चांगला पर्याय. वापरलेले कपडे आणि धुतलेले कपडे एकाच ट्रॉलीवर, एकाच कप्प्यात येऊ नयेत. मळकी चादर काढलेल्या हातांनीच नवी चादर घालू नये. मध्ये हात धुणे किंवा मोजे बदलणे आवश्यक.

ग्लासांचा प्रश्न याहून नाजूक. खोलीतले ग्लास न्हाणीघरातल्या बेसिनमध्ये विसळून, हाताशी असेल त्या टॉवेलने पुसून पुन्हा झाकून ठेवले जातात. वरची कागदी टोपी पाहुण्याला आश्वस्त करते. ग्लास आणि चहाचे कप स्वयंपाकघरात नेऊन, गरम पाण्याने आणि साबणाने धुवून, हवेत वाळवले पाहिजेत. त्यासाठी खोल्यांच्या दुप्पट ग्लास लागतात. खर्च एवढाच.

करोनाकाळाने काय शिकवले आणि काय विसरायला लावले?

जून २०२० मध्ये हॉटेले पुन्हा सुरू झाली तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यपद्धती ठरवून दिली. वारंवार स्पर्श होणाऱ्या जागा एक टक्का हायपोक्लोराइटने पुसणे, एसी २४ ते ३० अंशांवर ठेवणे, बाहेरची हवा आत घेणे असे त्यात होते. प्रत्यक्षात लोकप्रिय झाले ते फवारे, धुराची यंत्रे आणि बॅगांवर मारले जाणारे सॅनिटायझर. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगितले होते की, बंद जागेत रसायन फवारणे परिणामकारक नाही आणि माणसांना ते घातक ठरू शकते. एप्रिल २०२१ मध्ये सीडीसीने स्पष्ट केले की, दूषित पृष्ठभागाला हात लागून करोना होण्याची शक्यता दर संपर्कामागे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे.

हवेच्या वाटेचे महत्त्व न्यूझीलंडमधील एका विलगीकरण हॉटेलने दाखवले. तेथे शेजारशेजारच्या दोन खोल्यांतील माणसे एकमेकांना भेटली नव्हती. एक दार बंद होणे आणि दुसरे उघडणे यांत ५० सेकंदांचे अंतर होते. तेवढ्यात बंदिस्त मार्गिकेतील हवेतून लागण झाल्याचा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

दोन पाहुण्यांच्या मध्ये खिडकी अर्धा तास उघडी ठेवणे, एसीची जाळी ठरल्या दिवशी धुणे, न्हाणीघरातला पंखा चालू असणे हे धडे फुकटाचे होते. ते मागे पडले. काउंटरवरची सॅनिटायझरची बाटली मात्र राहिली, बऱ्याचदा रिकामी.

एका खोलीला किती मिनिटे मिळतात?

सारा प्रश्न इथे येऊन थांबतो. ह्यूस्टनच्या संशोधकांनी नोंदवल्याप्रमाणे अमेरिकेत एक कर्मचारी आठ तासांत १४ ते १६ खोल्या करतो, म्हणजे खोलीमागे सुमारे अर्धा तास. त्यातून जेवणाची सुट्टी, ट्रॉली ढकलणे, लिफ्टची वाट पाहणे वजा करावे लागते. हंगामात हीच संख्या २० वर गेली तर खोलीमागे २४ मिनिटे उरतात. सकाळी ११ ला एक पाहुणा जातो, दुपारी १२ ला दुसरा येतो. अशा वेळी दहा मिनिटे जंतुनाशक ओले ठेवणे ही चैन वाटू लागते.

कामाचा क्रम बदलला तर काही वेळ वाचतो, हे खरे. खोलीत शिरल्यावर आधी खिडकी उघडायची, कचरा आणि मळके कपडे बाहेर काढायचे, न्हाणीघर साबणाने घासून त्यावर जंतुनाशक लावायचे. मग हात धुऊन पलंग करायचा. पलंग होईतो रसायनाचे काम होते. रिमोट, स्विच, मुठी पुसून शेवटी न्हाणीघर धुवायचे आणि फरशी करायची. पण क्रम शिकवायलाही वेळ द्यावा लागतो. दर तीन महिन्यांनी ठेकेदार आणि माणसे बदलणाऱ्या हॉटेलात कोण कोणाला शिकवणार?

लॉस एंजेलिस शहराने २०२२ मध्ये कामाच्या भाराला मर्यादा घातली. ६० किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलात एका कर्मचाऱ्याला आठ तासांत ३,५०० चौरस फुटांहून अधिक सफाई करायला लावली तर त्या पूर्ण दिवसाचे दुप्पट वेतन द्यावे लागते. तो नियम कामगारांसाठी झाला असला, तरी त्याचा लाभ पलंगावर झोपणाऱ्यालाही मिळतो.

दुसरा मुद्दा आजारपणाच्या रजेचा. नोरोव्हायरसची लक्षणे थांबल्यानंतरही किमान ४८ तास कामावर येऊ नये, असा सल्ला आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी नैमित्तिक रजांची तरतूद आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणाचा भत्ता आहे, पण मूळ नियमानुसार आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांसाठी तो सहसा मिळत नाही. ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेल्या मावशींना यातले काहीच लागू होत नाही, असे अनेकदा घडते. पोट बिघडलेले असताना त्या कामावर येतात, कारण खाडा झाला की रोज बुडतो. त्याच हातांनी २० खोल्यांचे ग्लास मांडले जातात. ४८ तासांची रजा नाकारून वाचवलेले हजार-पंधराशे रुपये हॉटेलला फार महाग पडू शकतात.

नियम काय सांगतात आणि कुठे अपुरे पडतात?

स्वयंपाकघरासाठी नियम बरेच स्पष्ट आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांतील चौथ्या परिशिष्टानुसार अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वराची लस आवश्यक आहे. दर २५ कर्मचाऱ्यांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक अपेक्षित आहे. उपाहारगृहांसाठी एक ते पाच हसऱ्या चेहऱ्यांची स्वच्छता मानांकन योजनाही आहे.

खोल्यांसाठी एवढी ठोस चौकट नाही. तारांकित दर्जा ऐच्छिक आहे आणि त्याची यादी सोयीसुविधांनी भरलेली असते. करोनाकाळात पर्यटन मंत्रालयाने भारतीय गुणवत्ता परिषदेबरोबर ‘साथी’ ही योजना आणली. तीही ऐच्छिक आणि मुख्यतः स्वयंघोषणेवर चालणारी होती. म्हणजे पाहुण्याच्या ताटाची तपासणी होऊ शकते, पण तो रात्रभर ज्या खोलीत झोपतो तिची जबाबदारी बव्हंशी मालकाच्या मर्जीवर राहते.

लहान लॉजचालक म्हणतील की आधीच परवाने कमी नाहीत. त्यांची तक्रार रास्त आहे. म्हणून नवा परवाना काढण्याऐवजी आहे त्याच मानांकनात खोल्यांचे चार मुद्दे घालावेत : गरम पाण्याच्या तापमानाची आठवड्याची नोंद, टाकी धुतल्याची तारीख, एका कर्मचाऱ्याकडे दिवसाला किती खोल्या, आणि आजारी कर्मचाऱ्याला पगारी रजा मिळते का. या चार नोंदी एका पानावर मावतात आणि त्या स्वागतकक्षात लावायला खर्च येत नाही. दहा खोल्यांचा लॉजही हे करू शकतो, आणि पंचतारांकित हॉटेललाही त्यातून सुटका नसावी.

पाहुण्याने काय करावे?

घाबरून बॅगभर रसायने नेण्याची गरज नाही. खोलीत गेल्यावर आधी खिडकी उघडावी. शॉवर आणि गरम पाण्याचा नळ एक-दोन मिनिटे सोडावा आणि त्या वेळी न्हाणीघराबाहेर थांबावे. ग्लास साबणाने धुवावेत. रिमोट आणि स्विच ओल्या वाइपने पुसावेत. खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. उलटी-जुलाब झाले तर लपवू नये, स्वागतकक्षाला कळवावे. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आणि खोकला आला तर प्रवास केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आणि ऑनलाइन अभिप्राय लिहिताना न्याहारी आणि खिडकीतून दिसणारा देखावा यांच्या जोडीने दोन प्रश्न विचारावेत : टाकी कधी धुतली आणि खोली आवरणाऱ्या मावशींकडे आज किती खोल्या होत्या? पाहुणे वासाला आणि हंसाच्या टॉवेलला गुण देत राहिले, तर हॉटेले वास आणि हंसच पुरवतील. हे दोन प्रश्न पुरेशा लोकांनी विचारले, तर मालकाला त्यांची उत्तरे तयार ठेवावी लागतील.